दिसतं तसं नसतं... पण चांगल्या अर्थाने! (अपेक्षेपेक्षा सरस ठरलेले मराठी चित्रपट)



आजचा लेख पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही धड्यावर नाही, पण तो वर्गात नक्की वाचून दाखवा. विषय सगळ्यांच्या आवडीचा आहे, चित्रपट. त्यातही असे चित्रपट, ज्यांच्याकडून कुणी फारशी आशा ठेवली नव्हती आणि जे बघून लोक थिएटरबाहेर आले ते "अरे, हे तर भारीच निघालं!" असं म्हणत.

आधी एक भाषेची गंमत

एखादी गोष्ट आपण ठरवलेल्यापेक्षा वाईट निघाली, तर त्यासाठी मराठीत एक नेटका शब्द आहे: अपेक्षाभंग. तीच गोष्ट ठरवलेल्यापेक्षा चांगली निघाली तर? विचार करून बघा. तितका रुळलेला एकच शब्द चटकन सापडत नाही. "अपेक्षेपेक्षा सरस", "वाटलं नव्हतं एवढं छान" असं लांबलचक बोलावं लागतं.

म्हणींचंही तसंच. "दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं" ही म्हण आपण नेहमी फसवणुकीसाठी वापरतो. पण "दिसतं तसं नसतं" हे उलट्या बाजूनेही खरंच आहे की! दिसायला साधं आणि आतून सोन्यासारखं, असंही असतंच. त्यासाठी आपल्याकडे "मूर्ती लहान पण कीर्ती महान" ही म्हण आहे. आज आपण या दुसऱ्या बाजूबद्दल बोलणार आहोत.

आपण अंदाज बांधतो तरी कशावरून?

चित्रपट बघण्याआधीच आपल्या मनात त्याचे मार्क ठरलेले असतात. कशावरून? पोस्टरवर कोण आहे, हिरो ओळखीचा आहे का, गाणी कानावर पडली का, चित्रपट रंगीत आहे की जुना काळा-पांढरा, विषय हसण्याचा आहे की रडण्याचा, कोणत्या थिएटरला लागलाय आणि किती वाजता. यातली एकही गोष्ट म्हणजे चित्रपट नव्हे. ही सगळी चित्रपटाच्या बाहेरची माहिती. पण तिकिटाचे पैसे खिशातून काढायचे की नाही, हे आपण त्या बाहेरच्या माहितीवरच ठरवतो. दुसरा इलाजही नसतो, कारण आतलं बघायला आधी तिकीट काढावं लागतं!

म्हणून अंदाज बांधणं चूक नाही. अंदाज बांधून दार बंद करणं, ही खरी अडचण. आता काही खरी उदाहरणं बघू. बहुतेक आपल्या मुंबईतलीच आहेत, गिरगाव आणि दादरची.

पहिलं उदाहरण : राजा हरिश्चंद्र (१९१३)

दादर पूर्वेला दादासाहेब फाळके मार्ग आहे. शीव कोळीवाड्याहून दादरला जाताना तुमच्यापैकी अनेक जण तिथून गेले असतील. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० सालचा, त्र्यंबकेश्वरचा. छपाईच्या धंद्यात त्यांचा चांगला जम होता. गिरगावात एका तंबू-थिएटरात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा विदेशी चित्रपट पाहिला आणि मनात घेतलं की आपल्या देवादिकांच्या गोष्टी अशाच पडद्यावर आणायच्या.

आता त्या काळच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. चाळिशी ओलांडलेला माणूस, घरात लहान मुलं, हातचा धंदा सुटलेला आणि म्हणतोय काय, तर हलती चित्रं बनवणार! विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ मध्ये लंडनला गेले, तंत्र शिकले आणि कॅमेरा घेऊन आले. सावकारांना विश्वास वाटावा म्हणून त्यांनी आधी एक छोटासा चित्रपट केला. कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचा वेल कसा वाढतो, त्याचा. रोज थोडी थोडी फ्रेम घेत त्यांनी अनेक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत दाखवली. विज्ञानाच्या तासाला हा प्रयोग मुलांना जरूर सांगा.

अडचणी संपल्या नव्हत्या. चित्रपटात काम करायला स्त्री मिळेना. शेवटी एका खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना तारामतीची भूमिका दिली गेली. सिनेमात काम करतो म्हटलं तर लोक नावं ठेवतील, म्हणून नटांनी "आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत" असं सांगायचं ठरलं. फाळके यांच्या पत्नी सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करून शिवाय फिल्मला भोकं पाडण्याचं कामही करत. दागिने गेले ते वेगळेच.

३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला आणि चालला. भारतीय बनावटीचा पहिला पूर्ण लांबीचा कथाचित्रपट म्हणून आज त्याचं नाव घेतलं जातं.

इथे गणिताच्या तासासाठी एक मजेशीर भाग आहे. त्या काळी लोकांना कमी पैशात कित्येक तासांचं नाटक बघायची सवय होती. तासाभराच्या आत संपणाऱ्या चित्रांना पैसे का द्यायचे? म्हणून फाळक्यांनी जाहिरात केली की फक्त तीन आण्यांत ५७ हजार छायाचित्रं आणि दोन मैल लांबीचं चित्र! आता हिशोब करा. त्या फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं बसतात. ५७,००० भागिले १६ म्हणजे साधारण ३,५६० फूट. एका मैलात ५,२८० फूट. म्हणजे चित्र पाऊण मैलसुद्धा भरत नाही! जाहिरात म्हटली की थोडं वाढवून सांगणं आलंच, तेव्हाही आणि आताही. पण लोकांची अपेक्षा कशी तयार केली जाते, हे यातून छान कळतं. लोकांना चित्रपट कसा मोजायचा हेच माहीत नव्हतं, म्हणून फाळक्यांनी त्यांना ओळखीचं माप दिलं: किती नग आणि किती लांब!

दुसरं उदाहरण : मोठं नाव आणि साधं नाव (१९३५–३६)

हे उदाहरण मला सगळ्यात जास्त आवडतं, कारण यात तुलना करता येते.

पुण्याची प्रभात फिल्म कंपनी तेव्हा जोरात होती. १९३५ साली प्रभातने 'धर्मात्मा' हा संत एकनाथांवरचा चित्रपट काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम आणि एकनाथांच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व! त्या काळी महाराष्ट्रात बालगंधर्वांपेक्षा मोठं नाव शोधून सापडलं नसतं. अपेक्षा आभाळाएवढी. पण चित्रपट त्या अपेक्षेला पुरा पडला नाही. रंगभूमीचा सम्राट कॅमेऱ्यासमोर तितका खुलला नाही.

दुसऱ्याच वर्षी प्रभातने आणखी एका संतावर चित्रपट काढला, 'संत तुकाराम'. दिग्दर्शक होते विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. दामले यांची ओळख तंत्रज्ञ म्हणून, ध्वनीतले जाणकार. फत्तेलाल कलादिग्दर्शक. दिग्दर्शक म्हणून गाजलेलं नाव शांतारामांचं होतं, या दोघांचं नव्हे. तुकारामांच्या भूमिकेसाठी निवड झाली विष्णुपंत पागनीस यांची. पागनीस संगीत नाटकांत स्त्रीभूमिका करणारे नट. देहूचा रांगडा वाणी, विठ्ठलाच्या नादात संसार विसरलेला तुकोबा हा माणूस कसा उभा करणार, अशी शंका कंपनीतल्या लोकांनाही होती. तुकोबांच्या बायकोची, म्हणजे जिजाईची भूमिका केली गौरी यांनी. त्यांच्यामागे ना नाटक कंपनीचं शिक्षण होतं, ना मोठं नाव. प्रभातमध्येच किरकोळ कामं करता करता त्या कॅमेऱ्यासमोर आल्या होत्या.

म्हणजे कागदावर बघाल तर 'धर्मात्मा' पहिला यायला हवा आणि 'संत तुकाराम' कसाबसा पास.

झालं उलटंच. १२ डिसेंबर १९३६ ला गिरगावच्या सेंट्रल सिनेमात लागलेला 'संत तुकाराम' तिथे सलग ५७ आठवडे चालला. म्हणजे एक वर्षाहून जास्त! पुढे १९३७ च्या व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. पागनीसांचा चेहरा लोकांच्या मनात तुकारामांचा चेहरा म्हणूनच ठसला.

असं का झालं असेल? चित्रपट बघितला की कळतं. पागनीस अभिनय करतायत असं वाटतच नाही. ते गातात तेही दाखवण्यासाठी नाही, बोलता बोलता गातात. गौरी यांची जिजाई तर कमाल आहे. नवरा देवाच्या मागे, घरात दाणा नाही, पोर तापाने फणफणलेलं. ती चिडून थेट देवळात जाते आणि विठोबालाच धारेवर धरते. भक्ती आणि पोट, दोन्ही बाजू एकाच घरात भांडतात आणि दिग्दर्शक दोघांनाही मान देतो. केशवराव भोळे यांचं संगीत आणि शांताराम आठवले यांनी लिहिलेलं बीजावरचं एक पद इतकं मुरलेलं आहे की अनेकांना ते खुद्द तुकाराम महाराजांचंच वाटलं!

आमच्या वर्गात मी या चित्रपटातले काही भाग प्रोजेक्टरवर दाखवले होते. वर्गात कोळी, तमिळ, पंजाबी, उत्तर भारतीय अशी सगळीच मुलं आहेत. काळा-पांढरा पडदा दिसल्याबरोबर "टीचर, ये नही, दुसरा लगाओ ना" सुरू झालं. पाच-सात मिनिटांनी आवाज बंद. जिजाईने आवाज चढवला तेव्हा घरी तमिळ बोलणारी एक मुलगी हळूच म्हणाली, "ही आमच्या बाजूवाल्या मावशीसारखीच ओरडते." जवळपास ९० वर्षांपूर्वीचा चित्रपट, आणि मुलीला त्यात तिची शेजारीण दिसली. चांगल्या कलाकृतीची याहून साधी खूण दुसरी कोणती?

तिसरं उदाहरण : थिएटरच मिळालं नसतं तर? सोंगाड्या (१९७१)

दादा कोंडके म्हणजे आपल्या गिरणगावातलाच माणूस. नायगावच्या कामगार वस्तीत वाढलेले, अपना बाजारमध्ये नोकरी केलेले. वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या वगनाट्याने ते महाराष्ट्रभर माहीत झाले. पण रंगमंचावर चाललेला माणूस पडद्यावर चालेल का? हिरो म्हणजे देखणा, सूटबूटवाला, अशी तेव्हाची समजूत. इथे हिरो कोण, तर ढगळ हाफ चड्डी, लोंबणारी नाडी, भोळा चेहरा आणि "आये" अशी हाक मारणारा आईवेडा पोरगा!

'सोंगाड्या'चं दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचं होतं. मुंबईत दादरच्या कोहिनूर थिएटरला तो लागायचा होता, पण त्या जागी देव आनंद यांचा 'तेरे मेरे सपने' लावण्याचं घाटत होतं. व्यवहाराच्या दृष्टीने बघाल तर मालकाचा अंदाज साधा होता. एकीकडे देव आनंद, दुसरीकडे नाडीवाला नवा हिरो. तुम्ही थिएटरमालक असता तर काय केलं असतं? प्रामाणिकपणे सांगा! दादा कोंडके बाळासाहेब ठाकरे यांच्याकडे गेले, शिवसैनिक थिएटरवर धडकले आणि 'सोंगाड्या' कोहिनूरला लागला. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. गिरणीतून सुटलेले कामगार, त्यांची कुटुंबं, गावाहून आलेले पाहुणे, सगळ्यांनी गर्दी केली आणि चित्रपटाने रौप्यमहोत्सव केला. पुढे दादांच्या ओळीने नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केल्याचा विक्रम नोंदला गेला. त्यांच्या नंतरच्या काही चित्रपटांतल्या दुहेरी अर्थाच्या विनोदांवर टीकाही झाली, हेही सांगायला हवं.

इथे थोडं थांबा. थिएटर मिळालंच नसतं तर 'सोंगाड्या' अपेक्षेपेक्षा चांगला ठरला असता का? नाही. तो डब्यात पडून राहिला असता आणि लोक म्हणाले असते, "बघा, मराठी चित्रपट चालतच नाहीत." म्हणजे कमी अपेक्षा कधी कधी स्वतःच स्वतःला खरी करून दाखवते. चालणार नाही म्हणून लावायचा नाही, लावला नाही म्हणून चालला नाही! हे चक्र नीट समजून घ्या. २०१५ साली मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटांना सोयीच्या वेळा मिळाव्यात म्हणून राज्य सरकारने निर्णय घेतला आणि त्यावर मोठी चर्चा झाली, तिच्या मुळाशी हाच प्रश्न होता. सकाळी साडेनऊच्या खेळाला नोकरदार माणूस जाणार कसा?

चौथं उदाहरण : अवघड विषय. श्वास (२००४)

कोकणातले एक आजोबा आपल्या लहान नातवाला, परशुरामला, डोळे तपासायला शहरातल्या डॉक्टरकडे घेऊन येतात. डोळ्यांचा कॅन्सर आहे असं कळतं. जीव वाचवायचा तर ऑपरेशन करावं लागेल आणि दृष्टी कायमची जाईल. हे पोराला सांगायचं कसं? आणि ऑपरेशनच्या आधी त्याला जग किती दाखवता येईल? एवढीच 'श्वास'ची गोष्ट.

आता सांगा, पोस्टरवर ही गोष्ट वाचून कोण उत्साहाने तिकीट काढेल? नाच नाही, मारामारी नाही. दिग्दर्शक संदीप सावंत यांचा हा पहिलाच चित्रपट. आजोबा झाले अरुण नलावडे, नातू झाला अश्विन चितळे. शिवाय तो काळ मराठी चित्रपटाचा पडता काळ होता. "मराठी पिक्चर म्हणजे टीव्हीवर आला की बघू" असं लोक सर्रास बोलायचे.

या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक, सुवर्णकमळ मिळालं. मराठीला हा मान याआधी कधी मिळाला होता ठाऊक आहे? आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला, राष्ट्रीय पुरस्कारांच्या अगदी पहिल्याच वर्षी, १९५४ साली! मधे तब्बल ५० वर्षांची पोकळी. 'श्वास' पुढे भारतातर्फे ऑस्करसाठी पाठवला गेला आणि तिकडच्या प्रचाराचा खर्च निर्मात्यांना झेपणारा नव्हता म्हणून सामान्य लोकांनी वर्गणी काढली. एखाद्या चित्रपटासाठी लोकांनी गणपतीसारखी वर्गणी काढावी, यातच सगळं आलं.

'श्वास'चा खरा फायदा पुढच्या लोकांना झाला. मराठीत वेगळ्या विषयावर चित्रपट करता येतो, असा विश्वास आला. एक चित्रपट अपेक्षेपेक्षा चांगला निघाला की त्याच्या मागून येणाऱ्यांसाठी दार थोडं जास्त उघडतं.

आणि अलीकडचे दोन

'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक नागराज मंजुळे. नायिका रिंकू राजगुरू अकलूजची शाळकरी मुलगी, नायक आकाश ठोसर नवखा. अजय-अतुलची गाणी आधीच गाजली होती, त्यामुळे चित्रपट चालेल असं वाटत होतं. पण इतका? काही गावांत मध्यरात्रीचे खेळ लावावे लागले. १०० कोटींहून जास्त कमाई करणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला. (पालकांनो, याचा शेवट लहान मुलांना झेपणारा नाही, त्यामुळे आधी स्वतः बघा आणि मग ठरवा.)

'बाईपण भारी देवा' ३० जून २०२३ ला आला. दिग्दर्शक केदार शिंदे. सहा बहिणी, बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या आणि मंगळागौरीची स्पर्धा. तरुण हिरो-हिरोईनची जोडी नाही. अशा चित्रपटाला प्रेक्षक कोण, असं कुणालाही वाटलं असतं. प्रेक्षक होत्या आपल्या आया, मावश्या, आत्या! बायकांनी ग्रुप करून, नऊवारी नेसून थिएटरं भरली. या प्रेक्षकाला विचारून चित्रपट फार कमी वेळा काढला जातो, हे त्या गर्दीने दाखवून दिलं.

चांगला म्हणजे नक्की काय? दोन चाळण्या

आता थोडं विचाराचं. "अपेक्षेपेक्षा चांगला" या शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात.

एक, गल्ला. म्हणजे तिकीटविक्री. दुसरी, गुणवत्ता. कधी दोन्ही एकत्र येतात, जसं 'संत तुकाराम'चं झालं. पण दरवेळी तसं होईलच असं नाही. चांगला चित्रपट रिकाम्या थिएटरात चालू शकतो आणि सुमार चित्रपटावर पैशांचा पाऊस पडू शकतो. म्हणून "किती कमावले" हे ऐकून "किती चांगला" हे ठरवू नका.

दुसरी चाळणी आणखी बारीक आहे. अपेक्षा अगदी कमी असली की साधी गोष्टही छान वाटते. कडाक्याच्या उन्हातून आल्यावर माठातलं पाणीही अमृत लागतं, तसं. मग चित्रपट खरंच चांगला होता की आपली अपेक्षाच कमी होती, हे ओळखायचं कसं? सोपी परीक्षा आहे. तो चित्रपट दुसऱ्यांदा बघा. दुसऱ्या वेळी आश्चर्य संपलेलं असतं, उलट अपेक्षा वाढलेली असते. तरीही मन रमलं तर तो चित्रपट खरा. 'संत तुकाराम' आज लोक मोठी अपेक्षा ठेवून बघतात आणि तरीही तो पुरून उरतो.

आता मुद्द्याची गोष्ट : चित्रपट आणि मूल

शिक्षक मित्रांनो, हा परिच्छेद खास आपल्यासाठी.

पोस्टर बघून चित्रपटाचे मार्क ठरवावेत, तसे आपण मुलांचेही ठरवतो. जूनमध्ये हजेरीपट हातात येतो. आडनाव, पत्ता, मोठ्या भावाचा निकाल, गणवेश, घरची भाषा. झालं, पहिल्या आठवड्यातच आपल्या मनात प्रगतिपुस्तक भरून तयार! "कोळीवाड्याची मुलं ना, आवाज फार" किंवा "घरी मराठी नाही, लेखन कच्चंच राहणार" अशी वाक्यं स्टाफरूममध्ये नवीन नाहीत. हे सगळं म्हणजे मुलाचं पोस्टर. चित्रपट आपण अजून बघितलेलाच नसतो.

डी.एड.ला आपण रोझेन्थाल आणि जेकबसन यांचा प्रयोग शिकलो, तो आठवा. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत त्यांनी मुलांची चाचणी घेतली आणि शिक्षकांना काही नावं दिली: ही मुलं यंदा मोठी झेप घेणार आहेत. खरं तर ती नावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कशीही निवडलेली होती. वर्षअखेर पाहिलं तर, विशेषतः खालच्या इयत्तांमध्ये, त्या मुलांची प्रगती इतरांपेक्षा जास्त दिसली. १९६८ साली त्यावरचं पुस्तक आलं. हा परिणाम खरोखर एवढा मोठा असतो का, यावर नंतरच्या अभ्यासकांनी बरेच वाद घातले. पण आपल्या वागण्यातून मुलाला आपली अपेक्षा कळते, हे मान्य करायला प्रयोगाचीही गरज नाही. कुणाला प्रश्न विचारतो, उत्तरासाठी किती वेळ थांबतो, कुणाच्या वहीवर दोन ओळी जास्त लिहितो, यातून मुलं सगळं ओळखतात.

आणि इथे चित्रपट आणि मूल यांत एक फार मोठा फरक आहे.

चित्रपट लोकांपुढे येतो तेव्हा तयार झालेला असतो. आपण त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवली नाही, तरी आतली एकही फ्रेम बदलत नाही. 'संत तुकाराम'वर कंपनीतल्या लोकांनी शंका घेतली म्हणून पागनीसांचा आवाज बिघडला नाही. दहा वर्षांनी कुणी डबा उघडला तरी तो तितकाच चांगला निघेल. मुलाचं तसं नसतं. मूल अजून तयार होतंय. त्याच्याकडून आपण काहीच अपेक्षा ठेवली नाही, तर ते तसंच घडत जातं. 'सोंगाड्या'ला थिएटर मिळालं नसतं, तर एक चित्रपट डब्यात राहिला असता. वर्गात एखाद्याला संधीच मिळाली नाही, तर एक अख्खं मूल डब्यात राहतं.

म्हणून मला वाटतं, "वाटलं नव्हतं हा पोरगा एवढा पुढे जाईल" हे वाक्य आपण कौतुक म्हणून बोलतो, पण त्याच्याकडे जरा संशयाने बघायला हवं. वाटलं का नव्हतं? काय बघून वाटलं नव्हतं? पेपर तपासून, की पत्ता वाचून?

वर्गासाठी उपक्रम : अंदाज वही

इयत्ता चौथीपासून पुढे हा उपक्रम सहज घेता येतो.

१. मुलांना वयाला योग्य असा एखादा चित्रपट किंवा चित्रपटाचा भाग दाखवा. दाखवण्याआधी फक्त नाव आणि पोस्टर दाखवून वहीत तीन वाक्यं लिहून घ्या: "मला वाटतं हा चित्रपट ... असेल, कारण ..." कारण लिहिणं सक्तीचं.

२. चित्रपट झाल्यावर पुन्हा तीन वाक्यं: "मला वाटलं होतं ..., पण ..." इथे "पण", "तरी", "उलट" ही उभयान्वयी अव्यय आणि क्रियाविशेषणं आपोआप वापरात येतात. व्याकरणही होतं आणि मुलांना कंटाळाही येत नाही.

३. अंदाज कुठे चुकला यावर जोडीने चर्चा. चुकलेल्या अंदाजाला मार्क कापू नका, उलट चांगलं कारण लिहिणाऱ्याला शाबासकी द्या.

४. घरी आजी-आजोबांना विचारा: "असा कोणता चित्रपट होता जो तुम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा भारी निघाला? कोणत्या थिएटरला बघितला?" गिरणगावातल्या आजोबांकडून लालबागच्या भारतमाताची किंवा दादरच्या प्लाझाची आठवण हमखास निघेल. ती आठवण पाच ओळींत लिहून आणा. भाषा घरची चालेल, कोळी, तमिळ, पंजाबी, भोजपुरी, कोणतीही. वर्गात आपण सगळे मिळून ती मराठीत आणू.

५. शेवटचा प्रश्न मोठ्या मुलांसाठी: "माझ्याबद्दल लोक काय बघून अंदाज बांधतात, आणि त्यांना काय दिसत नाही?" हे उत्तर मोठ्याने वाचायला लावू नका. शिक्षकांनी एकट्याने वाचावं आणि वही परत देताना खाली एखादी ओळ लिहावी.

या पाचव्या प्रश्नाची उत्तरं वाचायला वेळ काढून बसा. चित्रपटाला परीक्षण लिहिणारे पुष्कळ असतात. या उत्तरांना वाचक एकच असतो, तो म्हणजे तुम्ही.

उपक्रम करून बघा आणि मुलांनी लिहिलेलं जपून ठेवा. पुन्हा भेटू पुढच्या लेखात.